फोर बाय फोरचं ॲव्हरेज आधी पायात शोधा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. २०२१ ची महिंद्रा थार, डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर (इंजिनाची ताकद चारही चाकांना देता येणारी). आठवडाभर कोथरूड ते ऑफिस चार किलोमीटर, आणि दर शनिवार-रविवार ताम्हिणीमार्गे माणगावजवळच्या गावी आई-वडिलांकडे. मूळचे टायर काढून मोठे ऑल टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीचे) टाकलेत. पावसाळ्यात गाडी घरापासून गावापर्यंत फोर हायमध्येच (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) ठेवता. ॲव्हरेज १०.५. ऑफिसातल्या मित्राची अगदी हीच गाडी, तोही कोकणात जातो, त्याला १३ मिळतं. तुम्ही विचारलंय की फोर बाय फोर घेऊन चूक झाली का, आणि चालवण्याची पद्धत बदलून खरंच काही फरक पडतो का.

आता हे बघा. मित्राची गाडीही फोर बाय फोरच आहे. तेच २.२ लिटरचं इंजिन, तोच गिअरबॉक्स, तोच ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी). मग १३ आणि १०.५ मधला फरक फोर बाय फोरमुळे पडला असं म्हणताच येत नाही. तो टायरमुळे असेल, मोजण्यामुळे असेल, रोजच्या चार किलोमीटरमुळे असेल, आणि माझ्या अनुभवाने सगळ्यात मोठा वाटा उजव्या पायाचा असेल. मी दहा वर्षं गॅरेज चालवलं आणि त्यानंतरची तेरा वर्षं ड्रायव्हरना डोंगरात गाडी चालवायला शिकवतोय. पाणलोटाची कामं करणाऱ्या संस्थांचे ड्रायव्हर, वाड्या-वस्त्यांवर फिरणाऱ्या आरोग्य पथकांचे ड्रायव्हर. या लोकांना लॉगबुकात प्रत्येक लिटरचा हिशोब द्यावा लागतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे.

फोर बाय फोरचा खर्च असतो, नाही असं नाही. ट्रान्स्फर केस, पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वळणावर वेगवेगळे फेरे घेऊ देणारे गिअर), पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ताकद नेणारा दांडा), हे सगळं लोखंड टू हायमध्येसुद्धा, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असतानाही, तुम्ही वाहून नेता आणि त्यातलं काही फुकट फिरतही असतं. जुन्या जिप्सीला पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब होते, फ्री आणि लॉक, ते याचसाठी. हा खर्च किती? २०२२ साली मारुतीची ग्रँड विटारा आली तेव्हा तेच दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअर अशी एकच गाडी दोन तऱ्हांनी मिळत होती. टू व्हील ड्राइव्हचं कंपनीने जाहीर केलेलं ॲव्हरेज २१.११ होतं, ऑलग्रिपचं, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचं, १९.३८. म्हणजे साधारण आठ टक्के. थारमध्ये अशी सरळ तुलना होत नाही, कारण २०२३ मध्ये आलेल्या टू व्हील ड्राइव्ह डिझेल थारला इंजिनच वेगळं, दीड लिटरचं आहे. पण आठ टक्क्यांचा अंदाज डोक्यात ठेवायला हरकत नाही. तुमच्या आणि मित्राच्या आकड्यांतला फरक एकोणीस टक्के आहे.

आधी टायरचा हिशोब मिटवू. तुमच्या गाडीला मूळचे २४५/७५ आर १६ होते. त्यांचा व्यास येतो ७७४ मिलिमीटर. तुम्ही टाकलेत २६५/७५ आर १६, व्यास ८०४. जवळपास चार टक्के मोठे. गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो, त्याला टायर बदलल्याचं कळत नाही. म्हणजे तुम्ही खरे १०४ किलोमीटर गेलात तरी तो १०० दाखवतो. तुमचं १०.५ हे प्रत्यक्षात १०.९ आहे. एवढा दिलासा घ्या. पण त्याच टायरचा तोटाही आहे: ते जड आहेत, त्यांची नक्षी खोल आणि ठोकळ्यांची आहे, रस्त्यावर फिरताना जास्त जोर मागतात, आणि व्यास वाढल्यामुळे गिअरिंग थोडं लांब होऊन घाटात एक गिअर खाली जास्त वेळ राहावं लागतं. टायर काढून टाका असं मी म्हणणार नाही. गावाकडचा रस्ता खराब आहे म्हणून तुम्ही ते घेतलेत. पण हवा दर पंधरा दिवसांनी सकाळी, टायर थंड असताना तपासा, आणि गॅरेजवाला सांगेल ती नव्हे, तर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपासून सुरुवात करून भरा. चिखलात उतरण्यासाठी हवा कमी केली असेल तर डांबरीवर येताच भरून घ्या. वीस हवेवर पुण्यापर्यंत येणारे लोक मी बघितलेत. डिझेल तर जातंच, टायरच्या बाजूच्या भिंती तापून फुटायचा धोका त्याहून मोठा.

आता फोर हाय. इथे मला जरा थांबायचंय, कारण ही सवय तुमच्या गाडीला आतून खाते आहे.

थारची फोर व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे. फोर हाय टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. त्यांच्यामध्ये फेऱ्यांचा फरक सामावून घेणारं सेंटर डिफरन्शियल नाही. वळण घेताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळावर फिरतात आणि मागची लहान वर्तुळावर, म्हणजे पुढच्यांना जास्त फेरे हवे असतात. पण शाफ्ट बांधलेले, त्यामुळे ते मिळत नाहीत. चिखलात किंवा सैल मुरमात चाक जरासं सरकतं आणि हिशोब जुळतो. डांबरीवर टायर धरून ठेवतो, सरकत नाही, आणि तो सगळा ताण शाफ्टमध्ये, गिअरमध्ये पिळासारखा साठत जातो. तो पीळ भरायला डिझेल लागतं आणि सोडायला टायर झिजतात.

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ असेच ताम्हिणी उतरून आले होते, पुण्यापासून फोर हायमध्ये. पेट्रोल पंपावर वळवताना गाडी अडखळत होती, पुढचं चाक टप्प्याटप्प्याने उडी मारल्यासारखं सरकत होतं आणि खालून चरचर आवाज. त्यांना वाटलं बेअरिंग गेलं. ट्रान्स्फर केसचा दांडा टू हायवर यायला तयार नव्हता, दोन्ही हातांनी ओढत होते. मी त्यांना दांडा सोडायला सांगितलं. स्टिअरिंग सरळ करून गाडी सावकाश रिव्हर्समध्ये चार-पाच मीटर मागे घ्यायला लावली. दांड्यावर नुसती बोटं ठेवली होती. मध्येच आतून एक ‘खट्’ असा आवाज आला आणि दांडा लोण्यातून जावा तसा टू हायवर आला. पीळ सुटला. नंतर टायरवरून हात फिरवला तर पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा करवतीच्या दातांसारख्या झाल्या होत्या. एका पावसाळ्यात.

ओला डांबरी रस्ता म्हणजे निसरडा रस्ता नव्हे. चांगला टायर त्याला पुरेसा धरतो. रस्त्यावर माती वाहून आली असेल, दरडीचा राडा असेल, गावाकडचा लाल चिखलाचा चढ असेल, तिथे फोर हाय जरूर टाका, अडकायच्या आधी टाका, आणि तो तुकडा संपला की काढा. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: फोर हायमुळे गाडी ओढायला मदत होते, थांबायला नाही. पावसात जीव वाचवणारी गोष्ट म्हणजे कमी वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण काही लोक डिझेल वाचवायला फोर बाय फोर वापरायचंच टाळतात. चिखलाच्या चढावर टू हायमध्ये मागची चाकं फिरवत बसणं हा सगळ्यात महागडा प्रकार. चाक जागच्या जागी फिरतं, इंजिन तीन हजारावर, गाडी हलत नाही. तिथे फोर हाय किंवा फोर लो (चारही चाकं, पण हळू आणि जास्त जोराने) स्वस्त पडतं. खडकाळ, उभ्या वाटेवर फोर लो टाकून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचवरून पाय पूर्ण काढून, गाडीला तिच्या चालीने चढू द्या. हाफ क्लचवर खेळवलेली गाडी डिझेलही खाते आणि क्लच प्लेटही. अशा रस्त्यावर लिटरला किती किलोमीटर हा प्रश्नच विचारू नका. तासाला किती लिटर हा तिथला हिशोब.

आता मुख्य मुद्दा. शिकाऊ ड्रायव्हरबरोबर बसताना मी एक वस्तू नेहमी नेतो: नामजप मोजायचं बोटात घालायचं छोटं डिजिटल यंत्र, देवळाबाहेरच्या दुकानात मिळतं ते. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं आणि तो जितक्या वेळा ब्रेकला पाय लावेल तितक्या वेळा बटण दाबायचं. बोलायचं काही नाही. चांदणी चौकातून निघून पौड, मुळशी करत ताम्हिणी गावापर्यंत. एका ड्रायव्हरचे पहिल्या दिवशी १४० च्या पुढे गेले. मी फक्त आकडा दाखवला. तिसऱ्या दिवशी तोच रस्ता, तीच गाडी, आकडा ऐंशीच्या आत आला, आणि पोचायला लागलेला वेळ जवळपास तेवढाच, तीन मिनिटं इकडेतिकडे. डिझेलमध्ये त्याला पुढच्या महिनाभरात लिटरमागे दीड किलोमीटरचा फरक पडला. इंजिनाला कुणी हातही लावला नव्हता.

ब्रेक का मोजायचे ते आकड्यांत सांगतो. तुमची गाडी, दोन माणसं आणि थोडं सामान मिळून १९०० किलो धरू. ताशी ६० ला धावणाऱ्या एवढ्या वजनात साधारण २६५ किलोज्यूल ऊर्जा असते, ८० ला ४७० च्या आसपास. वेग एक तृतीयांशाने वाढला तर ऊर्जा पावणेदोनपट झाली, हे बघून ठेवा. लिटरभर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण चाकापर्यंत त्यातली तीस टक्के पोचली तरी पुष्कळ. या हिशोबाने शून्यावरून ८० चा वेग धरायला फक्त वेग म्हणून ४३ मिलिलिटर डिझेल लागतं. ब्रेक दाबून गाडी थांबवलीत की ते ४३ मिलिलिटर डिस्क आणि ड्रमवर उष्णता होऊन उडालं. डिझेल नव्वद रुपयांच्या घरात धरलं तर एका ब्रेकचे चार रुपये.

आता पौड रस्त्यावरचे गतिरोधक आठवा. ६० ने येऊन १५ पर्यंत ब्रेक मारायचा आणि पुन्हा ६० धरायचा, याला प्रत्येक वेळी २३ मिलिलिटर. असे चाळीस गतिरोधक, वळणं, म्हशी, एसटीमागे घाईने जाऊन थबकणं धरलं तर जवळपास एक लिटर. एका बाजूला. तुमच्या शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासात दहा लिटर जातात, त्यातलं हे एक. मारुतीसारखी आठशे-नऊशे किलोची छोटी गाडी असती तर हाच खर्च निम्म्याच्या आसपास आला असता. म्हणून मी म्हणतो की जड गाडीला चालवण्याची पद्धत जास्त लागू पडते. हलक्या गाडीत वाईट सवय खपते, थारमध्ये ती टाकीत दिसते.

यावर उपाय गाडी मुंगीच्या चालीने चालवणं हा नाही. उपाय डोळ्यांचा आहे. समोरच्या गाडीच्या बंपरकडे न बघता तिच्या पलीकडच्या दोन-तीन गाड्यांकडे बघा. गतिरोधकाची पांढरी पट्टी, गावाची पाटी, शाळेचा फलक दिसला की तिथेच रेसवरून पाय काढा, दीडशे-दोनशे मीटर आधी. गिअर काढू नका. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की आजकालचं इंजिन डिझेल सोडणं पूर्ण बंद करतं. तेवढं अंतर तुम्ही फुकट जाता. गतिरोधकाशी पोचेपर्यंत वेग पस्तीसवर आलेला असतो, ब्रेकला नुसता स्पर्श पुरतो, आणि वर म्हटलेल्या २३ मिलिलिटरमधलं निम्मं तरी वाचतं. मागून हॉर्न वाजतील, वाजू द्या. दोन्ही गाड्या त्याच गतिरोधकावर एकामागे एक पोचणार आहेत.

वेग धरताना मात्र फार भिऊ नका. डिझेल इंजिन मध्यम भारावर सगळ्यात चांगलं काम करतं. तुमच्या इंजिनाची खरी ताकद साधारण १६०० फेऱ्यांपासून पुढे आहे. दोन हजाराच्या आसपास गिअर वर टाकत गेलात तर ते मोकळेपणाने ओढतं. तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजारापर्यंत रेटणं जसं चूक, तसंच पाचव्यात ४० च्या वेगाने गाडीला घरघरवत नेणंही चूक. स्टिअरिंगमध्ये आणि पायाखाली थरथर जाणवली की गाडी गिअर मागतेय असं समजा.

घाटाचा हिशोब वेगळा. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, माणगाव जवळपास खालीच. येताना १९०० किलो तेवढे वर उचलायला दहा मेगाज्यूल, म्हणजे लिटरभर डिझेल नुसतं उंचीसाठी लागतं. तुम्ही जगातले सगळ्यात चांगले ड्रायव्हर असलात तरी ते लागणारच. म्हणूनच “जाताना सतराचं ॲव्हरेज दिलं!” असं कुणी सांगितलं तर येतानाचंही विचारा. कोकणाचं ॲव्हरेज जाऊन-येऊन एकत्रच मोजायचं. कदाचित तुमचा मित्र उतरताना मोजतो आणि तुम्ही चढताना.

चढताना वाचवण्यासारखं थोडंच असतं: वळणाच्या आधी घाईने वेग न धरणं, ट्रकच्या ढुंगणाला न चिकटता दोन गाड्यांचं अंतर ठेवून एका गिअरमध्ये सलग चढत राहणं, आणि ओव्हरटेकला जागा नसेल तर ती शोधायचा नाद सोडणं. रेस-ब्रेक-रेस केलं की लिटरचा सव्वा लिटर होतो.

उतरतानाची गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. न्यूट्रलमध्ये घाट उतरू नका. आपल्याकडे ही सवय फार जुनी आहे, आणि तिच्या मागे एके काळी कारणही होतं. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत गिअरमध्ये पाय काढला तरी इंजिन थोडं पेट्रोल ओढत राहायचं, त्यामुळे अँबॅसेडर-पद्मिनीच्या काळातल्या ड्रायव्हरांनी न्यूट्रल हाच गुरुमंत्र मानला. आज उलटं आहे. गिअरमध्ये पाय काढला तर डिझेल शून्य. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला डिझेल सोडावंच लागतं. विश्वास नसेल तर ताम्हिणी उतरताना डॅशबोर्डवर तत्काळ ॲव्हरेजचा आकडा लावून ठेवा. तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढलात की तो वरच्या टोकाला जाऊन थांबेल. सपाटीवर न्यूट्रलमध्ये गाडी थोडी लांब घरंगळते हे खरं, पण घाटात ब्रेक तापतात. तापलेले ब्रेक आधी वास देतात, मग पेडल खोल जातं. विळ्याला उतरल्यावर चाकांतून धूर येणाऱ्या गाड्या रविवारी दिसतात. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांचं तर दोन-तीन वेळा पाय दाबल्यावर ब्रेकला जोर देणारं बूस्टरच संपतं आणि स्टिअरिंग दगड होतं. ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरा. थारचं वजन आणि उंची बघता ही सवय जिवाची आहे, डिझेल वाचतं हा वरचा फायदा.

मोकळ्या रस्त्यावर थारचा शत्रू वारा. सरळ उभी काच, चौकोनी अंग, बाहेर काढलेले मडगार्ड, कपाट ढकलत नेल्यासारखं आहे ते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की विरोध ५६ टक्के वाढला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. सगळा १०० ने काढता आला तरी ८० च्या तुलनेत चौदा मिनिटं वाचतात, आणि बोरघाटात कारला ६० ची मर्यादा असल्याने खरं तर त्याहूनही कमी. तिथे मी स्वतः ८० ते ८५ धरतो, डावीकडच्या ट्रकांना ओलांडायचं तेवढंच. टपावर कॅरियर लावला असेल आणि तो रिकामा असेल तर काढून ठेवा. चार बोल्ट असतात.

आता तुमचे कोथरूडचे चार किलोमीटर. माझ्या मते पायाच्या खालोखाल तुमचं डिझेल इथेच जातं. फोर बाय फोरमध्ये नुसतं इंजिन ऑइल तापायचं नसतं. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचं-मागचं डिफरन्शियल, सगळीकडे दाट तेल असतं आणि ते पातळ व्हायला काही किलोमीटर लागतात. तुमचं तोवर ऑफिस येतं. त्यात बीएस-सिक्स (प्रदूषणाच्या नव्या कडक नियमांतल्या) डिझेलला काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आहे. तो भरत आला की गाडी जादा डिझेल सोडून फिल्टर तापवते आणि काजळी जाळते. तेव्हा उभ्या गाडीत इंजिनाचा वेग नेहमीपेक्षा थोडा जास्त राहतो, फॅन मोठ्याने चालतो, तत्काळ ॲव्हरेज पडतं. मध्येच किल्ली फिरवून बंद केलंत तर काम अर्धवट राहतं, दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तोच उद्योग सुरू करते, पुन्हा तेवढंच डिझेल. असं होताना लक्षात आलं तर बंद न करता एक गिअर खाली ठेवून मोकळ्या रस्त्याने पंधरा-वीस मिनिटं फिरवून या. त्याहून सरळ उपाय म्हणजे ते चार किलोमीटर स्कूटरवर जा आणि थार शनिवारसाठी ठेवा. सकाळी पाच मिनिटं उभ्या उभ्या इंजिन तापवायचीही गरज नाही. अर्धा मिनिट पुरे, मग दोन हजाराच्या आत हळू चालवत न्या, चालताना ती लवकर तापते. सिग्नलला मिनिटभराहून जास्त थांबायचं असेल तर बंद करा, पण डीपीएफचं काम चालू नाही ना ते बघून.

प्रश्नात तुम्ही मारुतीच्या छोट्या फोर बाय फोर जिम्नीचंही ओझरतं विचारलंय, भावाची आहे म्हणून. वरचं जवळजवळ सगळं तिलाही लागू. तिचं वजन बाराशे किलोच्या आसपास, म्हणून ब्रेकचा दंड कमी, पण दीड लिटर पेट्रोल इंजिनात खालच्या फेऱ्यांना डिझेलइतका दम नसतो, त्यामुळे घाटात तिला अडीच-तीन हजारावर मोकळं फिरू द्यावं लागतं. आणि पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, त्यामुळे सहा-सात टक्के ऊर्जा पंपावरच कमी मिळते. तेवढ्यासाठी भावाने स्वतःच्या पायाला दोष देऊ नये.

राहिलं मोजणं. डॅशबोर्डवरचा सरासरीचा आकडा बहुतेक गाड्यांत गोड बोलतो, त्यावर निर्णय घेऊ नका. एकच पंप ठरवा, शक्यतो एकच नोझल. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा. पंपावरचा मुलगा गाडी हलवून राउंड फिगर करायला बघेल, त्याला नको म्हणा. थारच्या ५७ लिटरच्या टाकीत शेवटी दोन लिटर वर-खाली झालं तर अर्ध्या टाकीच्या हिशोबात ॲव्हरेज पाऊण-एक किलोमीटरने हलतं. म्हणून सलग तीन टाक्या मोजा आणि तिन्हींची बेरीज करून भागा. मीटरचे किलोमीटर १.०४ ने गुणायला विसरू नका.

पहिली टाकी आत्ता चालवता तशीच चालवा, काही बदलू नका. दुसऱ्या टाकीला डांबरीवरचं फोर हाय बंद करा आणि हवा बरोबर ठेवा. तिसरीला घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून ब्रेक मोजायला लावा, जाताना आणि येताना वेगळे. वडील येत असतील तर त्यांनाच ते यंत्र द्या, त्यांचं लक्ष रस्त्यावर तुमच्याइतकंच असतं. तिन्ही आकडे मला पाठवा. तिसऱ्या टाकीलाही बाराच्या खाली राहिलं तर मग पुढची चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवून ब्रेक चिकटतोय का ते बघू, आणि डिझेल फवारणारे इंजेक्टर तपासायला घेऊ.